बोर मारण्याआधी विहिरीत डोकावा

एप्रिल उजाडला की आटपाडी, जत, माण, खटावच्या रस्त्यांवर बोरच्या गाड्या दिसायला लागतात. दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही म्हणून तीनशे, तीनशेला नाही म्हणून पाचशे, असा खर्च वाढत जातो आणि शेवटपर्यंत भोकातून करडा धुरळाच येत राहतो. त्याच रानात आज्याच्या काळात खणलेली विहीर असते. रानाखाली काय आहे ते तिच्या भिंतीत उघडं पडलेलं असतं, पण गाडी बोलावण्याआधी कुणी तिच्यात उतरून पाहिलेलं नसतं. हा लेख त्या भिंतीबद्दल आहे. थर कसे ओळखायचे, ते तिथे आले कुठून, पाणी नेमकं कशात बसतं आणि पैसे कशात बुडतात, एवढंच सांगायचं आहे.

उतरायचं ते मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना. सोबत टेप, बॅटरी, हातोडी, दहा-बारा प्लॅस्टिकच्या पिशव्या, मार्कर पेन आणि बादलीभर पाणी घ्या. भिंतीवर धूळ आणि शेवाळ इतकं असतं की धुतल्याशिवाय दगडाचा रंग कळत नाही. बरीच वर्षं बंद असलेल्या विहिरीत एकट्याने उतरू नका, तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. आत डिझेल इंजिन चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर अजिबात उतरू नका. त्याचा धूर विहिरीत साचून राहतो आणि माणूस बेशुद्ध पडायला काही मिनिटं पुरतात.

तासगाव-विट्याकडची नमुन्याची ५० फुटी विहीर डोळ्यासमोर आणा. आकडे रानागणिक बदलतील, थरांचा क्रम बहुतेक हाच राहील.

वरचे तीन-चार फूट माती. माळावर ती वीतभरच असेल, कृष्णाकाठी वाळवा-पलूसकडे हीच काळी माती आणि गाळ वीस फुटांच्याही खाली जातो. मातीच्या तळाशी पांढरे चुनखडीचे खडे दिसतात. पावसाचं पाणी खाली झिरपताना चुना सोबत नेतं आणि उन्हाळ्यात ओल उडून गेली की तो तिथेच गोठतो. जिथे हे खडे दाट असतात तिथपर्यंत साधारण दरवर्षीची ओल पोचते, असा अंदाज बांधता येतो.

त्याखाली १५-२० फुटांपर्यंत मुरूम. मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगडच. नीट पाहिलं तर मुरमात गोल गोल धोंडे अडकलेले असतात आणि त्यांच्या अंगावरून कांद्याच्या पाकळ्यांसारखी सालं सुटतात. मूळ दगडाला उभ्या-आडव्या भेगा होत्या, त्यामुळे त्याचे ठोकळे पडलेले होते. पाणी भेगांतून शिरलं आणि ठोकळ्याच्या कोपऱ्यांना तीन बाजूंनी, कडांना दोन बाजूंनी, सपाट अंगाला एकाच बाजूने लागलं. कोपरे आधी कुजले आणि आत गोल गाभा उरला. हा मुरूम म्हणजे आपल्या भागातली पाण्याची खरी टाकी. घनफळाच्या साधारण दोन टक्के पाणी तो सोडतो. आकडा लहान वाटेल, पण खालच्या घट्ट दगडाच्या मानाने तो कितीतरी मोठा आहे.

मुरमाखाली दहाएक फूट सांध्यांचा दगड. काळा, कठीण, पण भेगा मोकळ्या. भेगांच्या कडेने तांबूस गंजाच्या, कुठे काळ्या मँगनीजच्या रेघा दिसतात. जिथे अशी रेघ आहे तिथून पाणी कधी ना कधी वाहिलेलं आहे. मे महिन्यात कोरडी असली तरी ती भेग खडूने खूण करून ठेवावी.

मग पाषाण. हातोडी मारली की खणकन आवाज येतो, ढलपी निघाली तर धार चाकूसारखी. यातल्या भेगा मिटलेल्या असतात. विहीर खणणाऱ्यांचे सुरुंग इथेच जास्त गेलेले असतात, म्हणून इथली भिंत ओबडधोबड दिसते. पाणी यात नसतं.

आणि पाषाणाच्या खाली, अमुक एका खोलीवर, अचानक विटकरी लाल रंगाचा पट्टा. कधी चार बोटं, कधी दोन-तीन फूट. नखाने उकरतो, ओला झाला की साबणासारखा बुळबुळीत लागतो. हा गेरू. त्याच्या खालचा दगड जांभळट-करडा, अंगभर बारीक छिद्रं, छिद्रांत पांढरे-हिरवट मणी. हातोडीचा आवाज बद्द येतो. याला बऱ्याच गावांत मांजऱ्या म्हणतात. विहिरीला मांजऱ्या लागला की जुनी खोदणारी माणसं खूश व्हायची, आणि त्यांचं बरोबर होतं.

छिद्रांतले मणी कसले हे घरच्या घरी तपासता येतं. मणी कुटून पूड करा आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. बुडबुडे नाहीत आणि सुरीने ओरखडा उठतो, तर झिओलाइट. सुरीलाच दाद देत नसेल तर गारगोटी. मणी जितके दाट भरलेले तितकी छिद्रं बुजलेली, म्हणजे पाण्याला जागा कमी. मांजऱ्या दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, छिद्रं रिकामी आहेत का आणि दगड कुजायला लागला आहे का, ते बघायचं.

हा क्रम असा का, हे कळायला पार खाली जाऊन यावं लागतं.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. समजा, पृथ्वी म्हणजे २५ फूट व्यासाचं विहिरीचं तोंड आहे आणि काठ म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. तर ज्या कवचावर आपण राहतो ते खंडांखाली सरासरी ३५ किलोमीटर, या मापात जेमतेम २ सेंटिमीटर, काठावरच्या गिलाव्याएवढं. त्याच्या आत २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. मग द्रवरूप लोह-निकेलचा बाह्य गाभा आणि ५,१५० किलोमीटरच्या खाली, मध्यभागी, घन आंतरगाभा. विहिरीच्या मापात हा आंतरगाभा जवळपास पाच फूट व्यासाचा. माणसाने आजवर पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर. या मापात ७ मिलिमीटर. हजार फुटी बोर वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढा खोल.

मग आतलं कळलं कसं? भूकंपाच्या लहरींवरून. प्राथमिक लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात, दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. १९०९ मध्ये क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांना एका विशिष्ट खोलीखाली लहरी एकदम वेगाने धावताना आढळल्या. ती कवच आणि प्रावरणाची सीमा. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी लहरींच्या नोंदींवरूनच द्रव गाभ्याच्या आत घन गाभा असल्याचं दाखवलं.

सातारा-सांगलीच्या लोकांना या दोन लहरी अंगाने माहीत आहेत. कोयनेचा धक्का आला की आधी एक हिसका बसतो, भांडी खणखणतात, आणि थोड्या वेळाने डोलल्यासारखं होतं. हिसका प्राथमिक लहरीचा, डोलणं दुय्यम लहरीचं. दोघींतलं अंतर सेकंदांत मोजा आणि आठाने गुणा, धक्क्याचं ठिकाण साधारण तितके किलोमीटर दूर. कोयनानगर ते कराड सरळ रेषेत ४५-५० किलोमीटर, म्हणून कराडला हे अंतर सहा सेकंदांच्या आसपास पडतं, सांगलीला बारा-तेरा.

प्रावरणाबद्दल एक समजूत फार घट्ट बसलेली आहे, की कवचाखाली सगळीकडे उकळता लाव्हा भरलेला आहे. तसं नाही. प्रावरण घन दगड आहे. तो तापलेला असल्याने अतिशय संथपणे सरकतो, पण आहे घनच. त्यातला खूप तापलेला भाग वर चढतो तेव्हा त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाल्यामुळे त्याचा थोडासा अंश वितळतो. तो वितळलेला अंश म्हणजे बेसॉल्टचा, आपल्या काळ्या दगडाचा, रस. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्थानावरून जात असताना, हा रस जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून बाहेर आला. त्याचं तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. डोंगराला तोंड फुटून कारंजं उडावं तसं हे चित्र नव्हतं. पातळ रस पसरत गेला, निवला, त्यावर पुढचा आला. आज झिजून उरलेला भागच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे.

या थरांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांची रासायनिक घडणीवरून गटवारी केली आहे, आणि सर्वांत वरच्या गटाला नाव मिळालं आहे वाईचं. वाई उपगटात पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावं येतात. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आंबेनळी हे नाव आपल्या घाटावरून गेलेलं आहे. सातारकरांना याचा अभिमान असायला हरकत नाही.

खाली हे थर कुठे संपतात, तेही आता ठाऊक आहे. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली गेली, ते काम कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. गोठणे इथलं प्रायोगिक छिद्र तीन किलोमीटर खोल गेलं. त्यात बेसॉल्ट १,२४७ मीटरला संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये वाळूचा, गाळाचा थर नाही. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे बेसॉल्टची जाडी कमी होत जाते, आणि जतच्या पलीकडे, कर्नाटकात बागलकोटच्या बाजूला तो संपून कलादगीचे जुने गाळाचे खडक उघडे पडतात.

आता पुन्हा विहिरीत या. लाव्ह्याचा एक थर पसरला की त्यातले वायू बुडबुड्यांनी वर चढतात. वरचा पृष्ठभाग आधी थिजतो, बुडबुडे त्याखाली अडकतात, म्हणून प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र. तोच मांजऱ्या. मधला भाग सावकाश निवतो, त्यात बुडबुडे राहत नाहीत, तो घट्ट पाषाण. निवताना तो आकसतो म्हणून त्याला उभ्या भेगा पडतात. पुढचा लाव्हा येईपर्यंत बराच काळ गेला तर माथा ऊनपावसाने कुजून त्याची माती होते. मग नवा लाव्हा येऊन ती भाजून काढतो, गेरू तयार होतो. म्हणजे वरून खाली: गेरू, मांजऱ्या, पाषाण. पुन्हा गेरू, मांजऱ्या, पाषाण. एकेक थर १० ते ४० मीटर, कुठे जास्त.

हे पाहायला पसरणी घाटासारखी जागा नाही. वाईकडून पाचगणीला चढताना समोरच्या डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात, त्यातला उभा कडा म्हणजे पाषाण आणि कड्यांमधली झाडी असलेली उतरती पट्टी म्हणजे मांजऱ्या आणि गेरू. ही पट्टी हिरवी असते कारण पाणी तिथे बाहेर येतं. वरून झिरपलेलं पाणी भेगांतून गेरूपर्यंत पोचतं, गेरू त्याला खाली जाऊ देत नाही, मग ते आडवं वाहून डोंगराच्या अंगातून झऱ्यासारखं निघतं. डोंगरातल्या अनेक वाड्या अशा एका ठरावीक उंचीवर वसलेल्या दिसतात, त्याचं कारण हेच. घाटमाथ्यावर, पाचगणीच्या टेबललँडवर आणि कासवर सगळ्यात वर जांभा आहे. अतिपावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा.

तुमच्या विहिरीत गेरू ४२ फुटांवर असेल, तर शेजारच्या रानात, तितक्याच पातळीला, तो बहुधा असणारच, कारण थर जवळजवळ आडवे आहेत. दोन विहिरींच्या काठांच्या उंचीतला फरक तेवढा लक्षात घ्यायचा. शेजारचं रान १० फूट चढावर असेल तर तिथे गेरू ५२ फुटांवर शोधा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो, त्याच पद्धतीने हा फरक काढता येतो. गावातल्या पाच-सहा विहिरींची अशी मापं एका कागदावर मांडली की जो नकाशा मिळतो, त्याच्या तोडीचं काही विकत मिळत नाही. हे माझं ठाम मत आहे.

काठी किंवा तळहातावरचा नारळ घेऊन रानात फिरणाऱ्या आणि पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याबद्दल विचारलं जातंच. पाणाडी चुकतो असं कुणी सिद्ध करायला निघण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमाराला मुरमाच्या टापूत कुठेही भोक पाडलं तरी थोडं पाणी लागतंच, त्यामुळे नारळ उभा राहिला आणि पाणी लागलं यावरून नारळाची परीक्षा होत नाही. काठी, नारळ यांना थरांची जाडी सांगता येत नाही, आणि खर्च ठरतो तो जाडीवर.

विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजण्याची पद्धत जास्त भरवशाची, पण नीट केली तर. जमिनीत चार खुंट्या ठोकून बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोनांत विजेचा दाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब, तितकं खोलवरचं कळतं. १०० मीटर पसारा असेल तर साधारण २५ ते ३० मीटर खोलीचा अंदाज येतो. काळ्या मातीची रोधकता १० ओहम-मीटरच्या खाली, पाणी धरलेल्या मुरूम-मांजऱ्याची २० ते ५०च्या आसपास, पाषाणाची शंभराच्या पुढे. चुका नेहमीच्याच: विजेच्या तारांखाली मोजणी, लोखंडी पाइपलाइनच्या शेजारी मोजणी, आणि रानात एकाच जागी मोजून सगळ्या रानाबद्दल निकाल. पाच मिनिटांत पॉइंट देणाऱ्याने खुंट्या किती लांब नेल्या, ते विचारून घ्या.

बोर घ्यायचंच ठरलं तर काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्यात.

दर दहा फुटांना बाहेर पडणारा चुरा मूठभर घेऊन पिशवीत भरा आणि पिशवीवर खोली लिहा. बारीक करडी-काळी पूड म्हणजे पाषाण. जांभळट पुडीत पांढरे कण म्हणजे मांजऱ्या. लाल धुरळा म्हणजे गेरू. मशीनचा वेगही सांगतो, पाषाणात दहा फुटांना लागणारा वेळ आणि मांजऱ्यात लागणारा वेळ यात ठळक फरक असतो. या पिशव्या टाकून देऊ नका. दहा वर्षांनी मोटर अडकली तर त्याच उपयोगी पडतात.

केसिंग पाइप, म्हणजे बोरच्या वरच्या भागाची माती ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाइप, मुरूम संपून कठीण दगडात दोन-तीन फूट बसलाच पाहिजे. फुटावर पैसे असल्याने कमी टाकण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. मुरमातच संपवलेल्या केसिंगच्या बुडातून पहिल्याच पावसाळ्यात माती आत सुटते आणि मोटर गाळात रुतते. दुसरं दुखणं गेरूचं. वरचं केसिंग ३० फुटांचं आणि गेरू ९० फुटांवर, तर तो भाग उघडाच राहतो. गेरू पाण्याने फुगतो, ढासळतो आणि बोर तिथेच आवळतो. जाड गेरू लागला असेल तर साडेसहा इंची बोरमध्ये आतून दुसरा, लहान व्यासाचा पीव्हीसी पाइप सोडावा, आणि तो फक्त मांजऱ्यासमोर जाळीदार ठेवावा.

मग इंचांचा घोळ. 'दोन इंच पाणी लागलं' म्हणजे किती? काटकोनी व्ही-खाचेच्या पत्र्यावरून, म्हणजे खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पाहून, मोजलं असेल, तर १ इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, २ इंच म्हणजे २,९००, ३ इंच म्हणजे ८,००० आणि ४ इंच म्हणजे १६,००० लिटर. दोनाचे चार इंच झाले की पाणी दुप्पट नाही, साडेपाच पटींहून जास्त होतं. काही जण इंच म्हणताना पाइपची जाडी सांगत असतात. म्हणून इंच कशावरचा, हे जागेवरच विचारा, नाहीतर २०० लिटरचं पिंप लावा आणि घड्याळ बघा. ४० सेकंदांत भरलं तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,०००. शिवाय कॉम्प्रेसरने उडवलेलं पहिल्या तासाचं पाणी फसवं असतं, भेगांत साचलेलं आधी बाहेर येतं. मोटर ठरवायच्या आधी निदान सहा-आठ तास सलग उपसून पाहा.

खोल गेलं की पाणी जास्त, ही समजूत आपल्या दगडात खरी नाही. खाली भेगा वरच्या वजनाने मिटत जातात. पाचशे फुटांवर एखादा मांजऱ्या किंवा थरांचा सांधा पाणी देतोही, पण ते भरून यायला फार काळ लागतो. दोन उन्हाळे चालून तिसऱ्याला बंद पडणारे बोर बहुतेक असेच असतात. आणि एक वाईट परिणाम कुणी सांगत नाही. वरच्या मुरमातलं पाणी गेरू-पाषाणावर तोललेलं असतं. खोल बोर त्या तळालाच भोक पाडतो. वरचं पाणी बोरच्या भिंतीवरून खालच्या कोरड्या थरात गळायला लागतं आणि शेजारची विहीर उपसा न करता आटते. रात्री मोटर बंद असताना बोरच्या तोंडाला कान लावला तर ही गळती ऐकू येते. उपाय आहे: केसिंग वरच्या पाणथराच्या खालपर्यंत न्यायचं आणि पाइपबाहेरची फट सिमेंटच्या रबडीने बंद करायची. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीची वेगळी व्याख्या केली आहे. त्या मर्यादेमागचा अर्थ दगडात उतरल्यावर पटतो.

विहिरीच्या भिंतीतून बाजूला मारलेले आडवे बोर मला जास्त पटतात, जागा बरोबर असेल तर. विहिरीच्या तळाजवळ, गेरूच्या लगत खाली असलेल्या मांजऱ्यात किंवा पाषाणाच्या वरच्या सांध्यांच्या दगडात, चढाच्या दिशेने, ५० ते १०० फूट. बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा किंचित खाली ठेवायचं म्हणजे गाळ वाहून येतो. खडूने खुणा केलेल्या भेगा इथे कामी येतात: भेगेला समांतर भोक गेलं तर एकच भेग मिळते, आडवं छेदून गेलं तर दहा. पाषाणात मारलेला आडवा बोर म्हणजे दगडाला पाडलेलं महागडं कोरडं भोक.

विहिरीचा खरा ताकदीचा आकडा मात्र उपशातून निघत नाही, भरण्यातून निघतो. २५ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे १३,९०० लिटर. दोन-तीन तास उपसा करा, मोटर बंद करा आणि दर दहा मिनिटांनी पातळी टेपने मोजा. तासात एक फूट चढली तर विहीर तासाला तेवढं देते. पहिल्या तासाचा वेग धरून दिवसाचा गुणाकार करू नका. पातळी चढते तसा बाहेरच्या आणि आतल्या पाण्यातला फरक कमी होतो, आवक मंदावते.

एक हिशेब एकरावर मांडून पाहा. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी २० लाख लिटर. माण, आटपाडी, जतला चांगल्या वर्षी एवढा होतो. यातला दहावा भाग जमिनीत मुरला असं धरलं तर २ लाख लिटर. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाकाठी २,००० मिलिमीटर लागतात, एकरी ८० लाख लिटर. एक एकर ऊस चाळीस एकरांवरचं मुरलेलं पाणी पितो.

म्हणून मुरवणं. पण मुरवण्याची जागाही दगडच ठरवतो. ओढ्याच्या पात्रात उघडा पाषाण असेल तर तिथला पाझर तलाव नुसता वाफेने रिकामा होईल. मांजऱ्या किंवा सांध्यांचा दगड उघडा असेल तर तलाव डिसेंबरात आटलेला दिसेल आणि खालच्या विहिरी मार्चपर्यंत टिकतील. तलाव आटला म्हणून तो वाया गेला, असं म्हणणं चूक आहे. ओढा खोलीकरणात गाळ काढा, मुरूम काढू नका. पाषाण लागेपर्यंत पात्र खरवडलं की दोन्ही काठांच्या मुरमात साठलेलं पाणी उघड्या चरात उतरून वाहून जातं. खोल भरलेलं पाणी ऑक्टोबरात डोळ्यांना छान दिसतं, पण ते शेजारच्या रानांतूनच आलेलं असतं.

कृष्णाकाठचं दुखणं उलटं आहे. तिथे चिकण माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, पाणी खाली जात नाही. वर्षानुवर्षं जादा पाणी दिल्याने ओल वर चढते, क्षार पृष्ठभागावर येतात, जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. तिथे आधी निचरा, जमिनीखाली मीटरभर खोल सच्छिद्र पाइप, आणि मगच जिप्सम. निचरा नसताना टाकलेलं जिप्सम फुकट जातं, सुटलेल्या क्षारांना बाहेर जायला वाटच नसते.

पावसाच्या पाण्याने बोर भरायचा असेल तर केसिंगभोवती सहा-सात फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, खड्ड्यातल्या पाइपला बारीक छिद्रं पाडून नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळा, खाली मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर वाळू. पहिल्या दोन पावसांचं गढूळ पाणी आत सोडू नका. गाळ एकदा भेगांत बसला की तो निघत नाही. वाळूचा थर दरवर्षी मे महिन्यात काढून धुवा.

आणि विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा. त्याच खुणेपासून, मोटर बारा तास बंद ठेवून, वर्षातून चारदा पातळी मोजा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच सुमारास मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. पातळी कोणत्या महिन्यात मुरूम सोडून सांध्यांच्या दगडात उतरते, ती तारीख वहीत वेगळी लिहा. तिथून पुढे ती जास्त वेगाने खाली जाते, आणि उन्हाळी पीक किती धरायचं ते त्या तारखेवर ठरतं.